राजधानी शेवटी पाहावी

लांबच्या प्रवासाचे अखेरचे दिवस आपल्याकडे बहुधा हिशेबात धरले जात नाहीत. प्रस्थानाची लगबग, पहिला मुक्काम, पहिले दर्शन यांची वर्णने घरी परतल्यावर पुनःपुन्हा सांगितली जातात; परंतु परतीच्या गाडीचे आरक्षण जेथून मिळाले त्या शहरात जे काही दिवस काढावे लागले, त्यांच्याविषयी प्रवासी सहसा बोलतच नाही. मळलेले कपडे धोब्याकडे टाकावेत, नातलगांसाठी काहीबाही विकत घ्यावे आणि उरलेला वेळ खोलीत पाय ताणून पडावे, एवढेच काय ते त्या दिवसांचे प्रयोजन, असे धरून चालण्याचा शिरस्ता पडून गेला आहे. हा शिरस्ता प्रवासावर अन्याय करणारा आहे असे मला वाटते. ज्या मुलुखात आपण मजल दरमजल करीत हिंडलो, त्याची राजधानी सर्व हिंडून झाल्यानंतर, थकल्या पायांनी आणि भरल्या मनाने पाहण्यात जो लाभ आहे तो तिच्यापासून आरंभ करण्यात नाही, असे माझे निश्चित मत आहे; आणि या हिवाळ्यात छत्तीसगढचा दीर्घ प्रवास आटोपून रायपुरात, व त्याच्या शेजारी वसविलेल्या नव्या रायपुरात, काढलेल्या दिवसांनी ते अधिकच दृढ केले.

नागपूरहून निघालेली आमची गाडी रायपुरात थांबली तेव्हा मध्यरात्र होती आणि आम्ही उभयतां उतरलो नाही. सरळ पुढे बिलासपूर गाठले आणि तेथून पेंड्रा रोडवरून अमरकंटक केले. मग रतनपूर, शिवरीनारायण, सिरपूर, राजीम असा महानदीच्या खोऱ्याचा माग काढीत सिहाव्याच्या डोंगरात तिच्या उगमापाशी पोहोचलो, आणि कांकेरवरून केशकालचा घाट चढून बस्तरच्या पठारावर गेलो. कोंडागाव, जगदलपूर, आणि घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कड्यावरून सुमारे ९० फूट खाली कोसळणारी चित्रकोटची इंद्रावती, हा आमच्या भ्रमंतीचा दक्षिणेकडील शेवट. तेथून उलट फिरून रायपुरास आलो तो धान कापणी होऊन गेली होती, आणि रस्त्यांवरून धानाच्या पोत्यांनी लादलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा खरेदी केंद्रांकडे चालल्या होत्या.

नवे रायपूर जुन्या शहराच्या आग्नेयेस, विमानतळाच्या पलीकडे वसले आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य झाले, तेव्हा रायपुरातील मिळतील त्या इमारतींत नव्या सरकारचा संसार थाटला गेला, आणि लगोलग कोऱ्या जागेवर राजधानी उभारण्याची तजवीज सुरू झाली. मंत्रालय २०१२ साली नव्या जागी गेले. २०१८ साली या नगरास अटल नगर हे नाव जोडले गेले. रुंद, सरळ, दुतर्फा झाडी लावलेले रस्ते, त्यांना लागून सायकलींसाठी स्वतंत्र वाटा, एकमेकींपासून पुष्कळ अंतरावर उभ्या असलेल्या प्रशस्त इमारती, आणि त्या सर्वांच्या मानाने फारच विरळ माणसे, असे या नगराचे आजचे रूप आहे. कचेऱ्या सुटण्याच्या सुमारास बसगाड्या भरून जुन्या शहराकडे निघतात आणि संध्याकाळी त्या रस्त्यांवर जी शांतता पसरते ती राजधानीच्या लौकिकाला साजेशी नाही असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. नगराला वस्ती धरायला एक-दोन पिढ्या लागतात, आणि चंदीगढ किंवा भुवनेश्वर यांच्याही बालपणी पाहुण्यांनी हाच अभिप्राय दिला असला पाहिजे.

माझे लक्ष वेधले ते या इमारतींच्या नावांनी. मंत्रालयाचे नाव महानदी भवन. विभागप्रमुखांच्या कचेऱ्या आहेत त्या इमारतीचे नाव इंद्रावती भवन. जो प्रवासी विमानतळावरून थेट येथे येतो त्याला या नावांत काही विशेष दिसणार नाही. सरकारी इमारतींना नद्यांची नावे देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. परंतु ज्याने महानदीचा उगम पाहिला आहे, राजीमला पैरी आणि सोंढूर तिला येऊन मिळतात तेथील वाळवंटात जो अनवाणी चालला आहे, आणि ज्याने इंद्रावतीकाठच्या माणसांच्या तोंडून त्यांच्या शाळा-दवाखान्यांच्या, सडकांच्या आणि तेंदूपानांच्या दराच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्याला त्या पाट्या वाचताना निराळेच काही जाणवते. जे प्रश्न तेथे नदीकाठी माणसांच्या मुखातून ऐकले, ते येथे त्याच नद्यांच्या नावाच्या इमारतींत फायलींच्या रूपाने फिरत असतात. राजधानी आधी पाहणारा मनुष्य मुलुखाकडे कचेरीच्या खिडकीतून पाहू लागतो. मुलूख पाहून आलेला मनुष्य त्या कचेरीला, मनातल्या मनात का होईना, जाब विचारू शकतो.

या नगराच्या मधूनमधून जुनी गावे आहेत तशीच राहिली आहेत. राखी, उपरवारा, परसदा अशी त्यांची नावे. रुंद रस्ता सोडून आत वळले की शेणाने सारवलेली अंगणे, कौलारू घरे आणि गावचा तलाव दिसू लागतो. छत्तीसगढात तलावावाचून गाव नाही, आणि आराखडा आखणाऱ्यांनी हे तलाव राखले याबद्दल त्यांना धन्यवाद दिले पाहिजेत. उपरवाऱ्याच्या अशाच एका तलावाच्या पाळीवर एक वृद्ध गृहस्थ ऊन खात बसले होते. कुठून आलात, अशी त्यांनी चौकशी केली, आणि आम्ही नगरी-सिहाव्याकडून आलो म्हणताच त्यांचा चेहरा खुलला. तिकडच्या दुबराज तांदळाची गोष्ट निघाली. (नगरीच्या या सुवासिक दुबराजला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले.) त्यांच्या स्वतःच्या शेतातही पूर्वी थोडा दुबराज असे. ते शेत कोठे होते, असे विचारले तेव्हा त्यांनी हाताने रस्त्याच्या मधोमध लावलेल्या फुलझाडांच्या पट्ट्याकडे दाखविले, आणि बांध कोठून कोठे जात होता, पाणी कोणत्या बाजूने उतरत होते, हे एखाद्या मोजणीदाराच्या काटेकोरपणाने सांगितले. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मोबदल्याच्या, पुनर्वसनाच्या व नोकऱ्यांच्या मागण्यांसाठी या गावांतील शेतकऱ्यांनी २०२२ च्या आरंभी येथे दीर्घकाळ धरणे धरले होते, त्यात तेही बसले होते. आणि तो विषय निघाला तेव्हा मात्र ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले की, नातवाला या नगरात बसून करता येईल असे काम मिळाले तर जमीन गेली तरी कारणी लागली असे समजू. नव्या राजधानीचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे याचे याहून नेमके उत्तर मला कोणी दिले असते असे वाटत नाही.

उपरवाऱ्यालाच ‘पुरखौती मुक्तांगण’ हे विस्तीर्ण खुले संग्रहालय आहे. २००६ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. छत्तीसगढच्या लोकजीवनाच्या, आदिवासी शिल्पांच्या आणि मंदिरांच्या प्रतिकृती येथे आहेत, आणि ‘आमचो बस्तर’ या नावाचा एक संपूर्ण विभाग बस्तरच्या घरांचा, देवगुड्यांचा, मुरियांच्या घोटुल या युवागृहाचा आणि दसऱ्याच्या रथाचा आहे. प्रतिकृती म्हटल्या की शिष्ट मंडळी नाक मुरडतात. मूळ पाहिले, आता नक्कल कशाला, असे आमच्याबरोबर त्या दिवशी असलेल्या एका स्नेह्यांनीही म्हटले. परंतु मला येथे जो आनंद झाला तो मूळ पाहून आल्यामुळेच झाला. कोंडागावात धातूच्या मूर्ती ओतणाऱ्या एका घडव्याच्या अंगणात आम्ही अख्खी दुपार बसलो होतो: मातीचा गाभा, त्यावर मेणाच्या सुतासारख्या बारीक तारा एकीला एक लावून गुंडाळणाऱ्या घरच्या स्त्रिया, त्यावर पुन्हा मातीचे लिंपण, मग भट्टी, आणि वितळून गेलेल्या मेणाच्या रिकाम्या वाटेने शिरणारे लालबुंद पितळ. साचा फोडल्याखेरीज मूर्ती हाती येत नाही, म्हणून एका साच्यातून दुसरी मूर्ती कधी निघत नाही. हे पाहिलेल्या डोळ्याला मुक्तांगणातील धातुशिल्पांच्या अंगावरील रेघ न् रेघ वाचता येते; ती मेणाची तार कोणी तरी बोटांच्या टोकांनी दाबली होती हे दिसते.

तेथील मृतकस्तंभांपाशी मात्र मी बराच वेळ रेंगाळलो. बस्तरात सडकेच्या कडेला, शेताच्या टोकाला, गेलेल्या आप्ताच्या स्मरणार्थ माडिया लोक दगडाचे वा लाकडाचे खांब उभारतात. अलीकडे सिमेंटचेही असतात. त्यांवर पक्षी, हरीण, नाचणारी माणसे, गेलेल्या माणसाच्या हौसेची एखादी वस्तू अशी चित्रे रंगविलेली असतात. दंतेवाड्याच्या वाटेवर अशा एका खांबावर सायकल काढलेली आम्ही पाहिली होती, आणि तिच्याखाली नुकतीच कोणी तरी ठेवलेली मोहाची फुले होती. मुक्तांगणात हे खांब हिरवळीवर, योग्य अंतरावर, माहितीच्या फलकांसह उभे आहेत. कारागिरीत उणेपणा नाही. बस्तरच्याच हातांनी ती केलेली आहे. फक्त येथील खांबाखाली कोणी फुले ठेवीत नाही, कारण येथे कोणी गेलेले नाही. संग्रहालयाचा हा दोष नव्हे, ती त्याची मर्यादा आहे, आणि ज्याला ती मर्यादा कळते त्यानेच संग्रहालय पाहावे. इतरांना ते बागेसारखे दिसते आणि ते छायाचित्रे काढून परततात.

जुन्या रायपुरातील महंत घासीदास संग्रहालयाचे मोल आणखी निराळे. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ साली ते स्थापिले. आजच्या इमारतीचे उद्घाटन १९५३ साली डॉ. राजेंद्रप्रसादांनी केले. सिरपूरच्या धातुमूर्ती येथे आहेत, आणि त्यांच्यासाठीच बहुतेक लोक येतात. मी मात्र वाचकांना एका लाकडी खांबापुढे थांबण्याची विनंती करीन. किरारी गावच्या हीराबंध तलावाचे पाणी १९२१ च्या उन्हाळ्यात आटले, तेव्हा गाळ काढताना हा खांब सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला लेख होता. सुमारे अठरा शतके जे लाकूड पाण्याखाली सुरक्षित राहिले ते वर काढून उन्हात ठेवताच तडकू लागले, त्याच्या ढलप्या निघाल्या, आणि ढलप्यांबरोबर अक्षरे गेली. सुदैवाने त्या भागातील एका पंडिताने, लिपी कळत नसतानाही, डोळ्यांना दिसली तशी अक्षरे कागदावर उतरून घेतली होती. म्हणून तो लेख आज विद्वानांना उपलब्ध आहे.

त्यात आहे काय? राजप्रशस्ती नव्हे, देवाची स्तुती नव्हे. अधिकाऱ्यांची यादी आहे. नगराचा रक्षक, सेनापती, प्रतिहार, गणक, भांडारी, हत्तीस्वार, घोडेस्वार, पाकशाळेचा प्रमुख, गुरांच्या खिल्लारांवरील अधिकारी, पत्रे पोहोचविणारा लेखहारक. म्हणजे एका विसरलेल्या राजधानीचे दफ्तरच. महानदी भवनाच्या पायऱ्यांवरून आदल्या दिवशी आलेल्या माणसाला या खांबापुढे उभे राहून जी भावना होते ती केवळ पुरातत्त्वाची नाही. त्या यादीत पत्र पोहोचविणाऱ्याला सेनापतीच्याच खांबावर जागा आहे याचे मला फार समाधान वाटले. आणि ज्याला एक अक्षर वाचता येत नव्हते तरी जे पुसले जात आहे ते टिपून ठेवलेच पाहिजे असे ज्याला वाटले, त्या ग्रामीण पंडिताविषयी मनात आदर दाटून आला.

संग्रहालयाच्याच आवारात ‘गढ कलेवा’ नावाचे उपाहारगृह आहे. बचत गटाच्या स्त्रिया ते चालवितात. तांदळाच्या पिठाचा चीला, फरा, ठेठरी, खुरमी, अइरसा असे सारे छत्तीसगढी पदार्थ येथे मिळतात. चीला आपल्या धिरड्याचाच भाऊबंद. पण तो ताटात आला तो कडेला जाळीदार, मध्ये मऊ, आणि बरोबर टोमॅटोची व हिरव्या मिरचीची पाट्यावर वाटलेली असावी अशी भरड चटणी. वाढणाऱ्या बाईंनी आम्ही मराठी बोलतो हे ऐकून, आमच्याकडेही पूर्वी मराठी मास्तरीणबाई होत्या, असे सांगितले आणि दुसरा चीला न मागता आणून ठेवला.

आपला आणि या मुलुखाचा संबंध तसा जुना, आणि सर्वच अंगांनी सुखद नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांची फौज बंगालच्या वाटेवर रतनपुरावर आली, आणि एकुलत्या एका मुलाच्या मृत्यूने खचलेल्या रघुनाथसिंहाचे राज्य जवळजवळ लढाईवाचून भोसल्यांच्या ताब्यात गेले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहिले. त्यांनी तेथे टेकडीवर राममंदिर बांधले, लोकांत वावरले, आणि त्यांची आठवण तिकडे अजून चांगुलपणाने काढतात. परंतु त्यांच्यानंतर सुभेदारी आली. सुभेदार विठ्ठलराव दिनकर यांनी १७९० साली ज्या छत्तीस गढांवरून प्रांताला नाव पडले त्यांची व्यवस्था मोडून सत्तावीस परगणे केले, परगण्यावर कमाविसदार नेमला, हाताखाली फडणीस दिला, आणि महसूल नागपुरास जाऊ लागला. नागपुरास बसून ज्यांनी हा प्रांत चालविला त्यांतील कितीकांनी महानदीचे पाणी पाहिले होते, हा प्रश्न मला रतनपूरच्या टेकडीवर पडला होता आणि रायपुरात तो अधिक टोचला. १८१८ साली इंग्रज अधिकारी अॅग्न्यू याने ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. १८५४ साली नागपूरचे राज्यच खालसा झाले. पुढे दोनच वर्षांनी दुष्काळ पडला, तेव्हा सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी सावकाराची कोठारे उघडून धान्य उपाशी रयतेत वाटले, आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना मृत्युदंड दिला गेला. जयस्तंभ चौकात, जेथे आता वाहनांची अखंड वर्दळ असते, तेथे ते घडले असे सांगतात. नव्या नगरातील भव्य क्रिकेट मैदानाला त्यांचे नाव आहे. त्यांच्यापेक्षा थोर नाव त्या मैदानाला मिळाले नसते.

पण या शहरात आपल्या भाषेची अशीही माणसे झाली, ज्यांनी येथून काही नेले नाही. बूढा तलावापाशी, जेथे बालवयात दोन वर्षे रायपुरात राहिलेल्या विवेकानंदांचा प्रचंड पुतळा उभा आहे, तेथे समोरच माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आणि तिचे मैदान आहे. सप्रे मराठी घरातले. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. रामराव चिंचोलकर त्यांचे सहसंपादक आणि वामनराव लाखे प्रकाशक. तिघेही मराठी, आणि तिघांनी मिळून हिंदीत साक्षेपी ग्रंथपरीक्षणाचा पाया घालावा ही घटना लहान नव्हे. पैशाअभावी ते मासिक तीन वर्षांत बंद पडले. पुढे नागपुरास ‘हिंदी केसरी’, १९०८ मधील राजद्रोहाचा खटला, त्यानंतरचे रामदासी वैराग्य, आणि त्या वैराग्यातून सिद्ध झालेला हिंदी दासबोध. मग टिळकांच्या गीतारहस्याचे हिंदी भाषांतर. समर्थ आणि लोकमान्य हिंदी वाचकांच्या घरी पोहोचले ते या माणसाच्या लेखणीने. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच ते निवर्तले. लाखे वकिली करीत, सहकारी चळवळीत पडले, आणि १९१३ साली येथे सहकारी बँक उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. लाखेनगर ही वस्ती आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात या दोघांची नावे किती शाळांतून सांगितली जातात? विठ्ठलराव दिनकरांनी बांधलेल्या परगण्यांचा आज मागमूस नाही. सप्र्यांच्या शाळेत मुलांची मधली सुटी झाली होती, आणि रस्त्यापर्यंत त्यांचा गलका ऐकू येत होता.

शेवटच्या संध्याकाळी चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळात गेलो. १९३५ पासून चालत आलेली ही संस्था. शाळा चालविते, उत्सव करते, आणि नव्याने बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाला पहिला आधार देते. तेथे भेटलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांच्या घरी आता चौथी पिढी रायपुरात आहे. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी, लेखनाला हिंदी असा त्यांचा क्रम, आणि तिन्ही भाषांवर त्यांचे सारखेच प्रेम. आमची सारी भ्रमंती त्यांनी आस्थेने ऐकून घेतली आणि मग म्हणाले, “अहो, सगळं पाहिलंत, पण राजनांदगाव केलं नाहीत! मुक्तिबोध तिथेच होते ना!” गजानन माधव मुक्तिबोध, मराठी घरात जन्मून हिंदी कवितेत युग घडविणारे, १९५८ पासून अखेरच्या आजारापर्यंत तेथील दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते, आणि राहत होते ती जागा तलावाकाठी आहे. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी. आमची गाडी दुसऱ्या दिवशी राजनांदगावास थांबणार होती, पण दोनच मिनिटे. तेव्हा आजोबांनी वहीचा कागद फाडून स्टेशनपासून महाविद्यालयापर्यंतचा रस्ता काढून दिला, तिथल्या आपल्या भाच्याला आधी निरोप देण्याचे कबूल केले, आणि माघी पौर्णिमेपासून राजीमला मेळा भरतो त्या सुमारास या, म्हणजे दोन्ही होईल, अशी तारखेसकट आमची पुढली खेप आखूनच ते उठले.